‘पाच हजार घ्या आणि विषय संपवा’ याला हो म्हटल्यावर उरलेले पैसे मागता येतात का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल.

तुम्ही इंग्लंडमधल्या स्लाउमध्ये दुकानं आणि रेस्टॉरंटांच्या आतल्या कामांचा लहानसा धंदा करता. ओळखीतल्याच एका मराठी माणसाच्या रेस्टॉरंटचं काम केलंत. काम संपलं तेव्हा ७,४०० पौंड येणं होतं. दोन महिने फोन उचलले गेले नाहीत आणि मग व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘५,००० घ्या आणि विषय संपवा.’ तुम्ही ‘ठीक आहे, चालेल’ लिहिलंत आणि ५,००० आले. आता उरलेले २,४०० मागता येतील का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की उद्घाटनाच्या दिवशी चार लोकांसमोर ते म्हणाले होते, ‘काम झकास झालंय, वरती १,००० देतो.’ ते मिळाले नाहीत. तिसरा प्रश्न तुमच्या प्लास्टररचा. ठरलेल्या पैशांवर तो काम करत होता, पण मध्येच त्याने ६०० वाढवून मागितले, तुम्ही हो म्हणालात आणि आता तो ते मागतोय.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘शब्द म्हणजे शब्द, मग कायदा कोणाच्या बाजूने?’ गोंधळ इथेच आहे. हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. एक त्यांनी तुम्हाला दिला, दोन तुम्ही दिलेत. त्यातला एक तुम्हाला वसूल करायचाय आणि निदान एक मागे घ्यायचाय. यात गैर काही नाही, पण तिन्हींना एकत्र बांधून ‘न्याय कोणाचा’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. इंग्लंडचा कायदा प्रत्येक शब्द सुटा धरतो आणि विचारतो, या शब्दाच्या बदल्यात समोरच्याने काय दिलं? या ‘काय दिलं’ला कन्सिडरेशन म्हणतात. आपल्याकडे खरेदीखतात ‘मोबदला’ लिहितात तोच हा. कायद्याच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘प्रतिफल’ म्हणतात, पण मी इथे मोबदलाच म्हणतो.

मी पुण्यात एलएल.बी. करून इथे आलो आणि गेली बावीस वर्षं लेस्टरला सॉलिसिटर म्हणून काम करतो. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाचा पाय नेमका कुठे घसरतो ते मला ठाऊक आहे, माझाही तिथेच घसरला होता. भारतीय करार अधिनियम, १८७२ इंग्रजांनीच केला, पण तो करताना त्यांनी स्वतःच्या कायद्यातल्या काही गाठी सोडवून टाकल्या. कलम ६३ प्रमाणे धनकोला आपलं येणं पूर्ण किंवा थोडं सोडून देता येतं, आणि त्याला वेगळा मोबदला लागत नाही. तुमचं रेस्टॉरंट ठाण्यात असतं तर ‘ठीक आहे, चालेल’ लिहिल्यावर २,४०० वर बहुधा पाणी सोडावं लागलं असतं. इंग्लंडमध्ये तसं नाही.

इथला नियम जुना आहे. १६०२ सालच्या पिनेलच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की ठरल्या दिवशी कमी रक्कम दिली तर मोठं देणं फिटत नाही. पण पैशाऐवजी घोडा, ससाणा किंवा अंगरखा दिला आणि धनकोने तो पूर्ण फेड म्हणून घेतला, तर फिटतं. कारण शंभराच्या बदल्यात साठ घेण्यात धनकोला नवीन काही मिळत नाही, साठ तर त्याचे होतेच. घोडा मात्र त्याचा नव्हता. तो शंभराहून कमी किमतीचा का असेना, धनकोने काही विचार करूनच घेतला असणार, असं न्यायालय धरून चालतं.

१८८४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वात वरच्या न्यायालयाने, फोक्स विरुद्ध बीअर या खटल्यात हाच नियम पक्का केला. डॉ. फोक्स यांच्यावर श्रीमती बीअर यांचा २,०९० पौंड १९ शिलिंगांचा हुकूमनामा होता. ५०० पौंड लगेच आणि बाकीचे सहामाही हप्त्यांनी द्या, मी पुढे कारवाई करणार नाही, असा लेखी करार बाईंनी केला. डॉक्टरांनी पै न पै फेडली. त्यानंतर बाईंनी व्याज मागितलं आणि त्यांना ते मिळालं, कारण व्याज सोडण्याच्या बदल्यात डॉक्टरांनी त्यांना नवं काहीच दिलं नव्हतं. धंदेवाईक माणसाला आज हातात पडलेली थोडी रक्कम उद्याच्या मोठ्या आशेपेक्षा जास्त मोलाची वाटते, हे लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी त्या निकालातच लिहून ठेवलंय. तरीही नियम बदलला नाही. २०१८ मध्ये एमडब्ल्यूबी विरुद्ध रॉक ॲडव्हर्टायझिंग या खटल्यात इथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की या नियमाचा फेरविचार करायची वेळ आली असावी, पण तो मोठ्या पीठानेच करावा. त्या खटल्याचा निकाल वेगळ्या मुद्द्यावर लागला. म्हणजे आजही तुमचा ‘चालेल’ २,४०० पुरता तुम्हाला बांधत नाही, हा मुक्कामाचा नियम. पण मुक्कामापर्यंतच्या वाटेत चार फाटे आहेत, आणि तुमचे कागद बघितल्याशिवाय तुम्ही त्यातल्या कुठल्या फाट्यावर उभे आहात ते मी सांगू शकत नाही.

पहिला फाटा, रकमेबद्दल खराच वाद होता का? ‘टाइल्स वाकड्या बसल्यात, एवढे पैसे देणार नाही’ असं त्यांनी आधी प्रामाणिकपणे म्हटलं असेल आणि त्यावर ५,००० ठरले असतील, तर ती तडजोड होते. आपलं गाऱ्हाणं सोडून देणं हाच त्यांनी दिलेला मोबदला, आणि मग तुम्ही बांधले गेलात. ते गाऱ्हाणं न्यायालयात टिकलं असतं की नाही याला फारसं महत्त्व नाही, मनापासून होतं एवढं पुरे. दोन महिने नुसताच फोन उचलला नसेल तर तो वाद नव्हे, ती टाळाटाळ.

दुसरा फाटा तारखेचा. यावर माझ्याकडची एक जुनी फाइल सांगतो. केटरिंग करणाऱ्या एका ताईंनी ओळखीच्या आजोबांकडून ९,००० पौंड उसने घेतले होते, परतफेडीची मुदत ३१ डिसेंबर. सप्टेंबरात आजोबांचा ईमेल आला: ‘मला भारतात जायचंय, १० ऑक्टोबरच्या आत ७,००० दे, बाकी माफ.’ ताईंनी धावपळ करून ८ ऑक्टोबरला पैसे भरले. पुढच्या वर्षी आजोबा वारले आणि मुलांनी वकिलामार्फत २,००० मागितले. ताई रडवेल्या होऊन आल्या, त्यांना वाटत होतं हातातला ईमेल पुरेसा आहे. ‘बाकी माफ’ या दोन शब्दांनी त्या वाचल्या नसत्या. मी ईमेलची प्रत टेबलावर ठेवून ‘१० ऑक्टोबरच्या आत’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली. मुदतीआधी, धनकोच्या सांगण्यावरून दिलेली कमी रक्कम हा नवा मोबदला, कारण त्या तारखेला पैसे मागायचा आजोबांना हक्कच नव्हता. पिनेलच्या खटल्यातच ते लिहिलंय. मी मुलांच्या वकिलाला एक पानी पत्र पाठवलं आणि मागणी थांबली. तुमच्या बाबतीत बिलाची मुदत कधीच उलटून गेली होती असं दिसतं, म्हणजे हा फाटा त्यांच्या उपयोगाचा नाही. तरी कोटेशनवर पैसे देण्याची मुदत किती दिवसांची लिहिली होती ते एकदा तपासा.

तिसरा फाटा म्हणजे प्रॉमिसरी एस्टॉपेल, म्हणजे समोरचा तुमच्या शब्दावर विसंबला असेल तर तुम्हाला त्यावरून मागे फिरू न देण्याचं तत्त्व. १९४७ च्या हाय ट्रीज खटल्यात न्यायाधीश डेनिंग यांनी तो पुढे आणला. महायुद्धात लंडनमधली घरं ओस पडली, म्हणून घरमालक कंपनीने इमारतीचं वार्षिक भाडं २,५०० वरून १,२५० पौंड केलं. या सवलतीचा मोबदला काहीच नव्हता. डेनिंग म्हणाले, युद्ध संपून इमारत भरल्यावर पुढचं पूर्ण भाडं मागा, पण सवलतीच्या काळातला फरक मागू पाहाल तर न्यायालय तुम्हाला थांबवेल, कारण समोरचा तुमच्या शब्दावर विसंबून वागला. तुमचा मित्रही हेच म्हणू शकतो: ‘तुमच्या चालेल वर विसंबून मी पैसे दुसरीकडे लावले.’ २००७ च्या कॉलियर विरुद्ध राइट या खटल्यात अपील न्यायालय बरंच पुढे गेलं. ठरलेली कमी रक्कम ऋणकोने प्रत्यक्ष भरली असेल तर धनकोने मागे फिरणं अन्यायाचं ठरू शकतं, असं तिथे म्हटलंय. तो निकाल किती ताणायचा यावर वकिलांत एकमत नाही, आणि तुमच्या दाव्यातला खरा धोका मला तिथेच दिसतो.

पण एस्टॉपेल मागणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात. १९६५ चा डी अँड सी बिल्डर्स विरुद्ध रीस हा निकाल तुम्हाला आपलाच वाटेल. दोन छोटे बिल्डर, रीस यांच्याकडून ४८२ पौंड १३ शिलिंग १ पेनी येणं. महिनोन्‌महिने बिल थकलं होतं आणि त्यांचा धंदा बुडायला आला होता. रीस यांच्या पत्नीला ते माहीत होतं. ३०० घ्या, नाहीतर काही नाही, असा त्यांचा पवित्रा. बिल्डरांनी ३०० चा चेक घेतला, ‘हिशेब पूर्ण’ अशी पावतीही दिली आणि नंतर बाकीसाठी दावा लावला. ते जिंकले. डेनिंग यांनीच सांगितलं, की अडचण हेरून घेतलेल्या कबुलीच्या आधारे न्यायाची दाद मागता येत नाही. म्हणून मला एवढं कळायला हवं, की त्या वेळी तुमच्यावर पैशांचा ताण होता का आणि त्यांना तो ठाऊक होता का. ‘कामगारांचे पगार द्यायचेत, निदान थोडे तरी द्या’ असा तुमचा एखादा मेसेज त्यांच्या निरोपाच्या आधीचा असेल तर तो जपून ठेवा. त्या एका ओळीने तुमच्या केसला बळ येईल.

चौथ्या फाट्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: ते ५,००० कोणाच्या खात्यातून आले? १९११ चा हिराचंद पुनमचंद विरुद्ध टेंपल हा खटला नावावरूनच आपल्या ओळखीचा वाटेल. भारतातल्या सावकारांनी एका लष्करी अधिकाऱ्याला कर्ज दिलं होतं. वडिलांनी पूर्ण फेड म्हणून कमी रकमेचा ड्राफ्ट पाठवला. सावकारांनी तो वटवला आणि मुलावर बाकीचा दावा लावला. ते हरले. तिसऱ्या माणसाने पूर्ण फेड म्हणून दिलेले पैसे ठेवून घेतलेत, तर ऋणकोकडे बाकी मागता येत नाही. आता तुमचं बघा. रेस्टॉरंट बहुतेक लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल आणि बिलही कंपनीच्याच नावाने केलं असेल. मालकाने पैसे स्वतःच्या खात्यातून किंवा मेहुण्याच्या खात्यातून पाठवले असतील, तर कायद्याच्या नजरेत ते तिसऱ्याने दिले आणि त्यांना भक्कम बचाव मिळू शकतो. माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना हे विचारल्यावर ते मोबाइलवर बँकेचं ॲप उघडून बघतात, तोवर त्यांनी पाहिलेलंच नसतं.

आता वरच्या १,००० कडे वळू. इथे मला तुम्हाला नाराज करावं लागणार. काम आधी झालं, शब्द नंतर आला. झालेल्या कामावर नंतर दिलेल्या शब्दाला इथे मोबदला नाही असंच धरतात. १८४२ चा रॉस्कोर्ला विरुद्ध थॉमस बघा. घोड्याचा सौदा झाल्यावर विकणारा म्हणाला, घोडा निर्दोष आहे, खोडकर नाही. घोडा खोडकर निघाला, पण तो शब्द सौद्यानंतरचा म्हणून वाया गेला. भारतात कलम २५ मध्ये, कोणी आपणहून केलेल्या कामाबद्दल नंतर दिलेल्या भरपाईच्या वचनाला जागा आहे. इथे ती नाही. आणि वरचा एस्टॉपेलही तुमच्या कामाचा नाही, कारण तो बचावासाठी आहे, नवी मागणी उभी करायला चालत नाही.

तरीही एक गोष्ट नीट आठवून बघा. काम चालू असताना त्यांनी कोटेशनबाहेरचं काही सांगितलं होतं का? काउंटरची फळी बदला, मागच्या भिंतीला रंगही देऊन टाका, असं काही. आपली माणसं अशा वेळी ‘किती घ्याल’ विचारत नाहीत. ती म्हणतात, ‘तेवढं करून टाका, तुमचं काही ठेवणार नाही.’ हे वाक्य मी पुराव्यात कितीदा वाचलंय त्याला गणती नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. १६१५ च्या लँपले विरुद्ध ब्रेथवेट पासून नियम आहे, की काम समोरच्याच्या सांगण्यावरून झालं असेल, पैसे मिळणार हे दोघांनी गृहीत धरलं असेल, तर नंतर दिलेला आकडा म्हणजे त्या आधीच्याच समजुतीवर घातलेली किंमत. मग तो शब्द बांधतो. तेव्हा उद्घाटनाच्या दिवसाचे साक्षीदार गोळा करत बसू नका. त्याआधीचा तो निरोप, ते बोलणं आणि ते जास्तीचं काम शोधा. जास्तीचं काम नसेल आणि ती नुसती खुशीची बक्षिसी असेल, तर ते १,००० विसरा.

प्लास्टररच्या बाबतीत मात्र तुम्ही देणारे आहात. जुना नियम तुमच्या बाजूचा आहे. १८०९ च्या स्टिल्क विरुद्ध मायरिक खटल्यात जहाजावरचे दोन खलाशी रशियाच्या क्रोनश्टाट बंदरात पळून गेले. कप्तान उरलेल्यांना म्हणाला, जहाज लंडनला न्या, त्या दोघांचा पगार तुमच्यात वाटतो. लंडनला पोचल्यावर त्याने पैसे दिले नाहीत आणि न्यायालयाने त्याचंच म्हणणं उचलून धरलं, कारण जहाज परत न्यायला ते आधीच बांधील होते.

पण १९८९ मध्ये विल्यम्स विरुद्ध रॉफी हा निकाल लागला आणि बांधकामाच्या धंद्यापुरतं चित्र पालटलं. २७ फ्लॅटचं सुतारकाम २०,००० पौंडांना घेतलेला सुतार अडचणीत आला, कारण मुळात भावच कमी ठरला होता. काम रखडलं तर मुख्य ठेकेदाराला दंड बसणार होता. त्यामुळे ठेकेदारानेच आपणहून दर फ्लॅटमागे ५७५, एकूण १०,३०० पौंड वाढवून द्यायचं कबूल केलं. न्यायालय म्हणालं, सुताराने जुनंच काम केलं हे खरं, पण ठेकेदाराचा दंड वाचला, नवा सुतार शोधायचा त्रास वाचला. हा प्रत्यक्ष फायदाच मोबदला. अट एवढीच, की वाढ धाक दाखवून घेतलेली नसावी.

म्हणून मी तुम्हाला विचारतो, त्याने ते ६०० कसे मागितले? ‘भिंत ओली निघाली, माल दुप्पट लागतोय, मला परवडत नाही’ असं म्हणाला असेल आणि उद्घाटनाची तारीख सांभाळायची म्हणून तुम्ही समजून हो म्हणाला असाल, तर ते पैसे द्या. कायदाही त्याच्या बाजूने जाईल, आणि माझं मत विचाराल तर ते त्याचेच आहेत. पण उद्घाटनाला चार दिवस असताना हत्यारं गाडीत भरून ‘६०० नाहीतर मी निघालो’ म्हणाला असेल आणि दुसरा प्लास्टरर मिळणं शक्य नसेल, तर तो आर्थिक दबाव. तो करार तुम्हाला नाकारता येतो. फक्त तसं म्हणायचं तर लगेच म्हणायला हवं. सहा महिने गप्प राहून नंतर दबावाची तक्रार केली तर ती वाढ तुम्ही मान्यच केली असं धरलं जातं.

तुमच्या मनात एक प्रश्न येईल: रॉफीतला हा ‘प्रत्यक्ष फायदा’ पहिल्या प्रश्नात का चालत नाही? ५,००० लगेच मिळाले हा तुमचाही फायदाच होता की. तर्काने तुमचं बरोबर आहे. पण अपील न्यायालयाने सिलेक्टमूव्हच्या खटल्यात सांगितलं, की तो नियम कमी पैसे घेण्याला लावला तर फोक्स विरुद्ध बीअर उरणारच नाही, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल खालचं न्यायालय मोडू शकत नाही. जास्त द्यायच्या शब्दाला एक माप, कमी घ्यायच्या शब्दाला दुसरं, अशी आज स्थिती आहे. मला ती पटत नाही, पण सल्ला आहे त्या कायद्यावर द्यावा लागतो. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे हेही ध्यानात असू द्या. स्कॉटलंडमध्ये मोबदल्याची अटच नाही, तिथे गंभीरपणे दिलेला एकतर्फी शब्दही बांधू शकतो.

पुढच्या वेळेसाठी एक सांगतो. खरोखर सूट द्यायची आणि प्रकरण बंद करायचं असेल, किंवा सूट घ्यायची आणि निर्धास्त व्हायचं असेल, तर डीड, म्हणजे ठरावीक रीतीने केलेला औपचारिक दस्त, करा. डीडला मोबदला लागत नाही. हे डीड आहे असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं हवं आणि सही साक्षीदाराच्या समोर झालेली हवी, त्यानेही खाली सही करायची. साधं काम आहे, तरी साक्षीदाराची जागा कोरी राहिलेले कागद माझ्याकडे नेहमी येतात. डीड नको असेल तर काहीतरी नवं द्या-घ्या, अगदी क्षुल्लक चालतं. १९६० च्या चॅपल विरुद्ध नेस्ले खटल्यात चॉकलेटची तीन रिकामी वेष्टनंसुद्धा मोबदला ठरली, आणि कंपनी ती फेकूनच देत होती. किंमत किती हे न्यायालय बघत नाही, काही दिलं का एवढंच बघतं.

तूर्त नोटीस पाठवू नका. २,४०० ची रक्कम स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांसाठीच्या सोप्या पद्धतीत, बसते, तिथली मर्यादा १०,००० पौंडांची आहे, आणि दावा लावायला पैसे देय झाल्यापासून सहा वर्षं असतात. त्यामुळे घाई नाही. आधी बँक स्टेटमेंटवर ५,००० पाठवणाऱ्याचं नाव बघा. मग ‘विषय संपवा’ या निरोपाच्या आधीच्या दोन महिन्यांतलं सगळं व्हॉट्सॲप बोलणं तारखांसकट उतरवून घ्या, त्यांनी कामाबद्दल केलेली प्रत्येक तक्रार त्यात आली पाहिजे, तुम्हाला गैरसोयीची असली तरी. पैसे कंपनीच्याच खात्यातून आले असतील आणि तक्रार एकही नसेल, तर चौदा दिवसांची मुदत देऊन सभ्य भाषेत पत्र लिहा. नाव दुसऱ्याचं निघालं तर पत्र लिहिण्याआधी एखाद्या वकिलाला ते स्टेटमेंट दाखवा.